उंदरांचा निबंध दाखवून साडेचार लाखांना गंडा

आत्याला अल्झायमर आहे हे कळलं, तेव्हापासून आत्तेभावाच्या मोबाईलवर 'मेंदू पुन्हा तरुण करा'छाप जाहिराती धो धो यायला लागल्या. त्यातल्याच एका पुण्यातल्या क्लिनिकने आम्हाला साडेचार लाखांना गंडवलं. कसं, ते लिहितोय, कारण हीच पद्धत अजून सर्रास चालू आहे.

समुपदेशक बाईंनी टॅबवर एक शोधनिबंध उघडला. तो खोटा नव्हता, खरी गोम तिथेच आहे. टोरांटोच्या संशोधकांनी २०११ साली उंदरांच्या मेंदूत, स्मृतीच्या रस्त्यावरच्या एका भागात बारीक इलेक्ट्रोड खोचून तासभर वीज दिली. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणी साठवणाऱ्या भागात, नव्या चेतापेशी वाढल्या. त्या पेशी पक्व झाल्यावर, म्हणजे साधारण सहा आठवड्यांनी, हे उंदीर पाण्याच्या टाकीत बुडालेला मंच अधिक चांगला शोधू लागले. बाई म्हणाल्या, "हेच आम्ही माणसांना देतो, वर स्टेम सेलचा, म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या मूलपेशींचा, डोस."

प्रत्यक्षात काय दिलं? कंबरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढली, 'प्रोसेस' केली आणि पाठीच्या कण्यातून सोडली. त्या पेशी रक्त बनवणाऱ्या. मेंदूतल्या मूलपेशींशी त्यांचा काही संबंध नाही. मग डोक्यावर वायरींची टोपी. कानांवरून दोन्ही बाजूंनी वायरी लोंबत होत्या, आणि आत्या सारखी ती ओढत विचारायची, "अगं, मला मुंडावळ्या कशाला बांधताय?" कवटीवरून दिलेली ती मुंग्या आणणारी हलकी वीज म्हणजे निबंधातलं मेंदूच्या आत वीज देणं, अर्थात डीप ब्रेन स्टिम्युलेशन (डीबीएस) नव्हे. खरं डीबीएस ही न्यूरोसर्जनची शस्त्रक्रिया असते: कवटीला छिद्र, आत तारा, गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरी. पार्किन्सन्सच्या कंपासाठी ती रीतसर होते. अल्झायमरसाठी ४२ रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले, आणि वर्षभरानंतर सगळ्या रुग्णांचा मिळून ठोस फायदा दिसला नाही. टॅबवर हा निबंध अर्थातच नव्हता. प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी बनतात की नाही, यावरच २०१८ साली दोन गटांनी परस्परविरोधी निष्कर्ष मांडले. उंदीर ते आत्या हे अंतर बाईंनी एका वाक्यात कापलं होतं!

आत्याची कंबर पुढे बरेच दिवस दुखत राहिली. विसरणं होतं तसंच.

पैसे परत मागितल्यावर भावाने सही केलेला कागद समोर आला: प्रायोगिक प्रक्रिया, परिणामांची हमी नाही. पावतीवर मात्र 'वेलनेस पॅकेज'. इथेच त्यांची मेख सापडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे प्रायोगिक म्हणायचं तर साडेचार लाख कसले, आणि उपचार म्हणायचा तर मान्यता कुठे? सीटीआरआय, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही, तिथला नोंदणी क्रमांक विचारला, तर उत्तर आलं, "प्रोसेसमध्ये आहे."

महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली आहे. पावतीवर डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही, त्यामुळे पहिली अडचण तिथेच आली. तुमच्या घरी असं कुणी पॅकेज घेऊन आलं, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, सीटीआरआय क्रमांक आणि नीतिमत्ता समितीची (एथिक्स कमिटी) मंजुरी. आणि तो क्रमांक त्यांच्या टॅबवर नको, घरी येऊन सीटीआरआयच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा.