वाढदिवसाला जादूचे प्रयोग: कोथरूडमधील अनुभव

मुलीच्या वाढदिवसानिमित्त कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या सभागृहात आम्ही एका जादूगारांचा तासाभराचा प्रयोग ठेवला होता. रिकाम्या नळीतून रुमाल काढणे, पत्ता ओळखणे हे नेहमीचे खेळ सफाईने झाले; ध्वनिक्षेपक मात्र इतका कर्कश होता की मागच्या रांगेतील आजी उठून गेल्या.

खरी रंगत आली ती लिंबाच्या वेळी. लिंबू कापताच लालभडक थेंब टपकले, मुले किंचाळली, आणि मग, हेच दाखवून मांत्रिक ‘करणी काढली’ म्हणतो व आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे राहून जाते, असे सांगत त्यांनी सुरीच्या पात्याला आधीच लावून ठेवलेले, आम्लात लाल होणारे मिथाइल ऑरेंज हे रसायन सर्वांना जवळून दाखवले. हातचलाखीची गुपिते त्यांनी राखली, आणि ते योग्यच होते, कारण तिथे कोणाची फसवणूक नव्हती.

ख्यातनाम जादूगार रघुवीर यांच्या पुणे शहरात, जिथे २०१३ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्यानंतर राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. आठ वर्षांपुढील मुलांसाठी आमच्याकडे आलेल्या या जादूगारांना जरूर बोलवावे. ध्वनिक्षेपक मात्र आपला ठेवावा.