अडीच मिलिमीटरचं पातं: एक पावसाळा, एक हिवाळा

कॅम्पसाठी चाकू घ्यायचा म्हटलं की आपल्याकडचे पोट्टे आधी जाडी पाहतात. पाच मिलिमीटर, सहा मिलिमीटर, पाठीवर करवतीचे दात, मुठीत होकायंत्र, वरून काळा रंग. दिसायला दणकट, आणि टमाटा कापायला घेतला की टमाट्याचा चेंदामेंदा. मी बरोबर उलटा घेतला. पातं जेमतेम चार इंच, जाडी अडीच मिलिमीटर, स्टेनलेस पोलाद, रबरी पकडीची मूठ आणि कडक प्लास्टिकचं म्यान. म्यानासकट वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू ज्या घडणीचे असतात, त्याच घडणीचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग सगळी चर्चा कंपनीवरच होते आणि घडणीचं राहून जातं.

मृगाच्या आधी घेतला, आता हरभरा सोंगायला आला. मधल्या काळात तो जागलीला, वावरातल्या मुक्कामी, टेकड्यांवर आणि घरी स्वयंपाकात, सगळीकडे फिरला. बाबांनी पहिल्या दिवशी हातात घेऊन पाहिला अन् म्हणाले, "हे काय पेन्सिल छिलाले आनलं का बे?" आता दोरी, ठिबकची नळी, खताच्या पोत्याची शिवण, काहीही कापायचं असलं की तेच आधी हा शोधतात.

दुमडता चाकू का नाही, ते आधी सांगतो. आमची माती काळी. पावसाळ्यात ती बिजागरीत शिरते, वाळते आणि पातं उघडेनासं होतं. उघडलं तरी लॉक नीट बसला की नाही याची खात्री नसते, आणि तो बोटांवर मिटला तर काय होतं हे सांगायला नको. शिवाय कापसाचं सूत, भाकरीचं पीठ, माशाचे खवले, सगळं त्या फटीत जाऊन बसतं. सरळ पात्याच्या चाकूला फटच नाही. पाण्याखाली धुतला, दुपट्ट्याला पुसला, म्यानात घातला, झालं.

आता धारेबद्दल, कारण या चाकूचं खरं मर्म तिथेच आहे. पात्याच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंनी एकच रुंद उतार आहे आणि तो थेट धारेपर्यंत जातो. याला स्कँडी धार म्हणतात. बहुतेक चाकूंना शेवटी आणखी एक बारीक उतार असतो आणि धार लावताना दगडावर तो कोन हातानेच धरून ठेवावा लागतो. नवशिक्याचा हात तिथेच हलतो. इथे तो प्रश्नच नाही. उतार दगडावर टेकवायचा, दाबून सपाट बसला की तोच कोन. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मला पुरला. आधी खरबरीत बाजू, मग बारीक, पाणी टाकत टाकत, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेनं चार हात. एवढ्यात कागद सरसर कापला जातो.

पण ही धार फार नाजूक येते. बाभळीच्या गाठीवर किंवा वाळल्या सागावर जोर केला की ती एका बाजूला वळते. बोटाच्या नखावरून हळूच ओढून पाहिलं तर जिथे वळली तिथे पातं अडतं. साग तर विशेष वाईट. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश, आणि ती कोणतीही धार लवकर बोथट करते. सुतार उगाच सागाच्या नावानं बोटं मोडत नाहीत. यावर उपाय साधा आहे. सपाट घासून झाल्यावर पातं किंचित उचलायचं आणि बारीक दगडावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन हलके हात द्यायचे. धारेच्या अगदी टोकावर केसाएवढा उतार येतो आणि मग ती वळत नाही. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो झडीत. ऑगस्टमध्ये वावरातल्या खोपडीत मुक्काम होता, बाहेर रपरप सुरू आणि काड्या-कुड्या सगळ्या ओल्या. तुराट्या कोरड्या असत्या तर प्रश्नच नव्हता, एका काडीत पेटतात. पण त्याही भिजलेल्या. मनगटापेक्षा बारीक अशी मेलेली बाभळीची फांदी घेतली. वरून ओली असली तरी आत कोरडी असते. फांदी उभी धरून तिच्या डोक्यावर पातं ठेवलं आणि वरून दांडक्यानं पात्याच्या पाठीवर ठोकलं. फांदी उभी चिरली. पुन्हा चिरून चार फाका केल्या आणि ओली साल काढून टाकली. मग आतल्या कोरड्या कडेवरून पातं सपाट ठेवून खाली ओढत गेलो. लाकडाचा पापुद्रा कुरळा होत येतो, पण तोडायचा नाही, तसाच काडीला लटकत ठेवायचा. एकावर एक असे दहा-बारा पापुद्रे जमले की त्याखाली काडेपेटीची एक काडी पुरते. जाड चाकूनं हे पापुद्रे निघतच नाहीत. तो लाकडात घुसतो आणि ढलपी उडवतो. पातळ पात्यासाठी पैसे मोजायचे ते या कामासाठी.

ज्यांना चकमकीची कांडी वापरायची हौस आहे त्यांनी पात्याची पाठ बघून घ्यावी. कड काटकोनात तासलेली असेल तरच ठिणग्या पडतात. माझ्या चाकूची पाठ गोलसर होती, कानशीनं तीन बोटं लांबीची काटकोनात करून घेतली. धारेनं कांडी खरडू नका, धार जाते.

ठोकण्याचंही एक सांगतो. या घडणीच्या बऱ्याच चाकूंत पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, मध्येच संपतं. मनगटाएवढ्या लाकडापर्यंत ठीक. त्यापुढे कुऱ्हाड आहे ना घरात. चाकूनं कुऱ्हाडीचं काम करून दाखवणाऱ्या व्हिडिओंपायी जाड चाकू खपतात, असं माझं मत.

स्वयंपाकात त्याची कमजोरी दिसते. कांदा, मिरच्या, सांबार (म्हणजे कोथिंबीर), वांगी इथपर्यंत छान. रोडग्यांच्या पार्टीला वांगी याच चाकूनं चिरली, कोणी तक्रार केली नाही. पण कोहळं किंवा मोठं गाजर घेतलं की पातं अर्ध्यावर पाचरीसारखं फसतं आणि फोड कापली न जाता टरकन फुटते. स्कँडी उताराचा हा गुणधर्मच आहे, जिथे उतार संपतो तिथे पात्याची पूर्ण जाडी एकदम लागते. कोहळ्यासाठी आईची पावशीच, म्हणजे विळीच बरी.

दिवाळीनंतर मी एक दुसरा चाकूही करून घेतला, बाजाराच्या गावातल्या लोहाराकडून, ट्रकच्या पाट्याच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीच्या तुकड्याचा. दोन्ही शेजारी ठेवून वापरल्यामुळे पुष्कळ गोष्टी उलगडल्या. पाट्याचं पोलाद साध्या लोखंडासारखं मऊ नसतं, त्यात कार्बन बऱ्यापैकी असतो, म्हणून ते पाणी धरतं, म्हणजे तापवून बुडवलं की कडक होतं. लोहारानं पातं लाल करून तेलात बुडवलं तेव्हा ते काचेसारखं कडक झालं. तसंच ठेवलं असतं तर दगडावर पडून तुटलं असतं. मग त्यानं विटेच्या तुकड्यानं एक बाजू घासून चकचकीत केली आणि पाठीकडून पुन्हा सावकाश तापवायला घेतली. चकचकीत भागावर रंग सरकताना दिसतो. आधी फिका पिवळा, मग गव्हाळी, त्यामागून तपकिरी आणि जांभळा. गव्हाळी रंग धारेपाशी पोचला तसं त्यानं पातं ओढून घेतलं. मला वाटलं, अजून थोडं राहू द्यावं. तो म्हणाला, "निया आला त मऊ होते भाऊ, मंग धार नाही ऱ्हात." निळा रंग स्प्रिंगला चालतो, चाकूच्या धारेला नाही.

हा चाकू चार मिलिमीटर जाड, मूठ धावड्याच्या लाकडाची. टणक कामाला स्टेनलेसपेक्षा सरस, ठोकायला निर्धास्त. पण गंजतो. संत्रा कापून तसाच ठेवला तर तासाभरात पात्यावर काळे-निळे डाग. हे डाग गंज नव्हे, त्यांची भीती नाही. तांबूस दिसला तर तो गंज, लगेच घासायचा. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवायचा नाही, चामडं ओल धरून ठेवतं. बागेत संत्र्याच्या डिंक्या रोगासाठी खोडावरची रोगट साल खरडायला आता हाच वापरतो, आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पातं स्पिरिटनं पुसतो. खरडल्यावर बोर्डो मलम लावायचं असतं, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. त्या हातानं आणि त्या चाकूनं नंतर कांदा चिरायचा नाही, म्हणून स्वयंपाकाचा चाकू वेगळा.

तेलाबद्दल. आपल्याकडे जवसाचं तेल सहज मिळतं. लाकडी मुठीला ते उत्तम, कारण ते हवेत वाळून लाकडावर पापुद्रा धरतं. नेमक्या त्याच कारणानं पात्याला लावायचं नाही, चिकट थर बसतो. पात्याला खोबरेल. आणि जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात फेकू नका, तेल वाळताना उष्णता निघते आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा, मग फेका.

कायद्याचा भाग जरा लक्ष देऊन वाचा. शस्त्र नियम २०१६ च्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, त्यातूनही घरगुती आणि शेतीची अवजारं वगळलेली आहेत. चार इंची पातं तिथे बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, निवडणूक, मोर्चे यांच्या काळात जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघत असतात, आणि त्यात सुरे-चाकूही येतात. सालबर्डीच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत कमरेला चाकू लावून फिरणं म्हणजे पोलिसाला स्वतःहून बोलावणं. अभयारण्याचा मामला त्याहून कडक. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शस्त्राच्या व्याख्येतच चाकू आहे, आणि कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू. म्हणजे नरनाळा, मेळघाट, ताडोबा, नागझिरा इथे जाताना चाकू घरी. "लहानच त आहे" हे उत्तर नाक्यावर चालत नाही. मी अभयारण्याबाहेरच्या टेकड्यांवर आणि स्वतःच्या वावरात वापरतो, तिथे कोणी विचारलं नाही.

घेताना काय बघावं, तर जाडीच्या आधी मूठ. ओल्या, तेलकट हातानं दुकानात धरून पाहता येत नाही, पण निदान पुढच्या बाजूला बोट अडेल असा उंचवटा आहे की नाही ते बघा. खेडेगावच्या साध्या सुरीला तो नसतो, आणि टोकानं जोर लावताना हात सरळ धारेवर घसरतो. मूठ भडक रंगाची घ्या, नारिंगी किंवा लाल. हिरवी-खाकी मूठ गवतात पडली की अर्धा तास तीच शोधा. बसून कापताना दोन्ही कोपरं गुडघ्यांच्या पुढे काढून कापा, मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी रक्तवाहिनी जाते आणि तालुक्याचा दवाखाना काही बांधाला लागून नसतो.

म्यानाला खाली भोक आहे की नाही तेही बघून घ्या. माझ्या म्यानाला आहे, त्यातून पाणी निघून जातं. नसेल तर तापवलेल्या खिळ्यानं पाडता येतं. म्यान उलटं करून झटकलं तरी चाकू पडता कामा नये. माझा अजून पडला नाही, पण आत वाळू गेली की पात्यावर ओरखडे येतात, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी म्यान पाण्यानं खळबळून उन्हात टाकतो.