नऊ महिने अनबाउंड वापरल्यानंतर: डीएनएस कॅशेची निवड कशावर करावी

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणं हे डीएनएसचं काम, आणि मिळालेली उत्तरं साठवून ठेवतो तो डीएनएस कॅशे. लिनक्समधली मूळ सी लायब्ररी जीलिबसी ही उत्तरं स्वतः लक्षात ठेवत नाही. बहुतेक प्रोग्रॅम दर वेळी नव्याने रिझॉल्व्ह.कॉन्फ या फाइलमधल्या पहिल्या डीएनएस सर्व्हरला विचारतात आणि तो गप्प राहिला तर ५ सेकंद थांबून मग दुसऱ्याकडे जातात. माझ्या इंटरनेट पुरवठादाराचा पहिला सर्व्हर अधूनमधून असाच गप्प व्हायचा. लाइन चालू, पिंग चालू, आणि तरी गिट अडकलेलं, मेल अडकलेली. म्हणून मशीनवरच कॅशे ठेवायचं ठरवलं.

आधी डीएनएसमास्क हा छोटा कॅशे-सर्व्हर लावला. दहा मिनिटांत सुरू झाला. होस्ट्स फाइलमधली नावं तो आपोआप घेतो, डीएचसीपी, म्हणजे घरच्या उपकरणांना पत्ते वाटणं, हेही सांभाळतो. कॅशे मुळात १५० नावांचा असतो, तो मी लगेच वाढवला. पण तो प्रश्न पुढे पाठवणारा आहे. मुळापासून उत्तर शोधणं त्याचं काम नाही. म्हणजे पुरवठादाराचा सर्व्हर बसला की कॅशेत नसलेल्या नावांसाठी मी पुन्हा तिथेच. सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा दुसरा कॅशे लॅपटॉपवर आधीपासून होताच, तो १२७.०.०.५३ वर ऐकतो. व्हीपीएनची नावं व्हीपीएनकडे आणि बाकीची दुसरीकडे, ही वाटणी तो फार छान करतो. पण पुढे पाठवणं त्याचंही चुकत नाही.

मग घरच्या सतत चालू असणाऱ्या मशीनवर अनबाउंड. एनएलनेट लॅब्जचा हा रिझॉल्व्हर (नावाचं उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) डीएनएसच्या मुळाशी असलेल्या रूट सर्व्हरपासून सुरुवात करून स्वतः उत्तर शोधतो आणि उत्तर खरं असल्याची खूण असलेल्या डीएनएससेकच्या सह्या स्वतः तपासतो. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमने २०१४ मध्ये १०.० आवृत्तीत बाइंड हा आधीचा डीएनएस सर्व्हर काढून हाच मूळ प्रणालीत घेतला, तिथे आरसी.कॉन्फमध्ये एक ओळ घातली की लोकल-अनबाउंड उभा राहतो.

वेगाबद्दल थोडक्यात: कॅशेतलं उत्तर डिग या तपासणीच्या कमांडमध्ये ० मिलिसेकंद दिसतं, पण कधीच न विचारलेलं नाव पूर्वीपेक्षा हळू येतं, कारण रूटपासूनची सगळी वाट आता माझं मशीन चालतं. दिवसभराच्या वापरात हे जाणवत नाही. प्रीफेच चालू ठेवलं की टीटीएलचा (उत्तर कॅशेत ठेवण्याच्या मुदतीचा) शेवटचा दहावा हिस्सा उरला असताना कोणी ते नाव विचारलं, तर उत्तर लगेच देऊन मागाहून ते ताजंही केलं जातं. रोजच्या नावांना याचा खरा उपयोग होतो.

माझ्या लेखी निवडीचा खरा निकष वेगळा आहे: उत्तर मिळत नाही तेव्हा रिझॉल्व्हर काय करतो, आणि का मिळालं नाही हे सांगतो का?

इथे अनबाउंडने मला जिंकलं. पूर्वी सर्व्हफेल (सर्व्हरला उत्तर देता आलं नाही, हा संदेश) आलं की अंदाज बांधत बसायचो. आता सह्यांच्या तपासणीची किती नोंद ठेवायची ते ठरवणारं व्हॅल-लॉग-लेव्हल २ वर ठेवलंय. सही जुळली नाही तर कोणतं नाव, कोणता सर्व्हर आणि कारण काय, हे एका ओळीत लॉगमध्ये येतं. डिगला प्लस-सीडी (सह्या तपासू नका, हा पर्याय) देऊन तेच नाव विचारावं. तसं विचारल्यावर उत्तर येत असेल आणि एरवी येत नसेल, तर दोष सह्यांमध्ये आहे, लाइनमध्ये नाही. या एका तपासणीने माझे कित्येक तास वाचवले आहेत.

दुसरी सोय सर्व्ह-एक्स्पायर्ड. मी त्याला १८०० मिलिसेकंदांची मुदत दिली आहे: तेवढ्यात ताजं उत्तर नाही मिळालं तर मुदत संपलेलं जुनं उत्तर द्यायचं. २०२० च्या आरएफसी ८७६७ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात हीच पद्धत सांगितली आहे. समोरच्या डोमेनचे सर्व्हर पडलेले असतानाही काम चालू राहतं, कारण पत्ते सहसा बदललेले नसतात. याउलट उत्तर किमान किती वेळ ठेवायचं ते ठरवणारं कॅशे-मिन-टीटीएल एक तासावर नेणं ही माझी चूक होती. एका सेवेने पत्ता बदलला आणि मी तासभर बंद पडलेल्या पत्त्यावर धडका देत राहिलो. आता तो ० आहे आणि तसाच राहील.

सगळ्यात अवघड गाठ पडली ती घड्याळाशी. ज्या छोट्या बोर्डवर अनबाउंड चालतो त्यात बॅटरीवरचं घड्याळ नाही. वीज जाऊन आली, तारीख मागे पडली, आणि प्रत्येक सही ‘अजून लागू झालेली नाही’ म्हणून नाकारली गेली. वेळ दुरुस्त करायला एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) हवा, एनटीपीला सर्व्हरचं नाव सोडवून हवं, आणि नाव सोडवायला बरोबर वेळ हवी. एनटीपीच्या कॉन्फिगमध्ये नावांच्या जोडीला एक पत्ता थेट आकड्यांत लिहिला तेव्हा हे सुटलं. असा बोर्ड वापरणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा.

‘नाही’ हे उत्तरसुद्धा कॅशेत राहतं, हेही ध्यानात ठेवावं लागतं. नवं उपडोमेन नोंदवण्याआधीच मी उतावीळपणे ते विचारलं, आणि नोंद झाल्यावरही बराच वेळ ते सापडेना. अनबाउंड-कंट्रोलने ते नाव फ्लश केलं, म्हणजे कॅशेतून काढलं, की प्रश्न मिटतो. साधं रीलोड मात्र अख्खा कॅशे रिकामा करतं, त्यामुळे कॉन्फिगमधले बदल मी साठवून एकदम करतो, आणि त्याआधी अनबाउंड-चेककॉन्फ चालवतो.

लॅपटॉपवर मी अनबाउंड ठेवला नाही. बाहेरच्या वायफायवर आधी लॉगिनचं पान उघडावं लागतं, आणि पुष्कळ ठिकाणी डीएनएसच्या पोर्ट ५३ वरून बाहेर जाऊच देत नाहीत. तिथे रूटपासून शोधणारा रिझॉल्व्हर निरुपयोगी ठरतो. फिरत्या मशीनला नेटवर्कने दिलेल्या सर्व्हरकडे वळता आलं पाहिजे. ओपनबीएसडीवाल्यांनी २०१९ मध्ये ६.५ आवृत्तीत याच गरजेसाठी अनवाइंड हा रिझॉल्व्हर आणला. माझ्या लिनक्स लॅपटॉपवर सिस्टमडी-रिझॉल्व्हडच आहे, आणि घरी आल्यावर तो डीएचसीपीतून मिळालेला बोर्डाचा पत्ता घेऊन अनबाउंडला विचारतो.