आय७ म्हणून गळ्यात मारलेला गेमिंग पीसी, ४२ हजार गेले

चवथीच्या आधी कोणी गेमिंग पीसी घ्यायच्या विचारात असेल तर हे आधी वाचा. माझे ४२ हजार गेलेत आणि अजून डोकं शांत होत नाहीये.

मी डिचोलीचा. धाकट्या भावाची बारावी झाली, त्याला गेमिंग आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग शिकायला डेस्कटॉप हवा होता, बजेट ४५ पर्यंत, त्यातले निम्मे आईने बाजूला ठेवलेले. म्हापशाच्या एका दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "बाब, आय७ प्रोसेसर आहे, १६ जीबी रॅम, ८ जीबीचं ५८० ग्राफिक्स कार्ड, दुसरीकडे आय७ घ्यायला गेलात तर ७० मोजाल." काचेचं कॅबिनेट, आत रंगीत लाइट, भाऊ बघतच राहिला. गेम लावून दाखवा म्हटलं तर विंडोज टाकायचंय, उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो तर बॉक्स पॅक करून तयार.

घरी पहिल्याच रात्री गेम अडकायला लागला आणि अर्ध्या तासात पीसीच बंद. दोन दिवस आम्ही व्होल्टेजलाच शिव्या घातल्या, पावसात आमच्याकडे लाइटचं काही खरं नसतं. मग टास्क मॅनेजर उघडलं, नाव दिसलं आय७-३७७०.

हा प्रोसेसर २०१२ चा! नंबरातला पहिला ३ म्हणजे तिसरी जनरेशन, जुन्या प्रकारची डीडीआर३ रॅम, आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी जनरेशन लागते. त्या सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेत, पुढे काही चांगलं बसवताही येत नाही, बोर्ड आणि रॅम सगळंच बदलावं लागतं. आय३-१२१००एफ नावाने लहान वाटतो पण कोर तेवढेच चार आणि या आय७ पेक्षा कितीतरी फास्ट. आम्ही फक्त आय७ ऐकलं, पुढचा नंबर विचारलाच नाही, तिथेच चुकलो.

कार्डचं तर अजून वाईट. जीपीयू-झेड हे ग्राफिक्स कार्डची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं, शेडर (कार्डमधले चित्र काढणारे छोटे युनिट) २०४८. खऱ्या आरएक्स ५८० ला २३०४ असतात, हे ५८० २०४८एसपी, म्हणजे ताकद खालच्या ५७० ची आणि नाव ५८० चं. फॅनमागे काळी धूळ, म्हणजे वापरलेलं. पॉवर सप्लायवर ४५० वॉट लिहिलंय पण ८० प्लसचा, म्हणजे वीज कमी वाया घालवतो याचा, शिक्का नाही, वजनाला एकदम हलका, माझ्या मते लोडवर पीसी बंद पडत होता तो यानेच.

परत गेलो तर म्हणतो, "आय७ सांगितला, आय७ दिला. ५८० सांगितलं, ५८० दिलं. खोटं काय बोललो?" नवीन-जुनं हा शब्दच त्याने कधी काढला नव्हता. बिल कच्चं, जीएसटी नंबर नाही, वर लिहिलंय 'असेंबल्ड सेट १ नग', ना मॉडेल ना सिरियल नंबर. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करता येतो, पण आम्ही काय घेतलं हे या कागदावरून सिद्ध कसं करायचं? परत घेतो म्हणाला, १५ हजारांत. आई बाहेर रिक्षात बसली होती, तिला हा आकडा सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

सांखळीचा मावसभाऊ पुढच्या महिन्यात पीसी घेतोय. मी त्याच्याबरोबर जाणार आहे. प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहून नेणार, पेन ड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड, ते इन्स्टॉल न करताही चालतं. दुकानातच अर्धा तास गेम चालवून बघणार आणि सिरियल नंबरांसकट पक्कं बिल हातात आल्याशिवाय एक रुपया सोडणार नाही.