सुरू की मर्यादवेल? पुळणीलगतच्या मोकळ्या पट्ट्यासाठी

पुळणीला, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूला, लागून वाडी असली की हा प्रश्न येतोच. पुढच्या मोकळ्या पट्ट्यात सुरूची झाडं लावायची, की वाळूवर पसरणारी मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा (वाळूतलं टोकदार गवत) पसरू द्यायच्या? दापोलीकडच्या आमच्या वाडीत आधी पहिलं केलं, आता दुसरं करतोय.

सुरूला नावं ठेवायची नाहीत. झाड झपाट्याने वाढतं, खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही, मागच्या पोफळींना आडोसा होतो. खाली सुयांचा थर साचून दुसरं फारसं काही उगवत नाही, तेही एक वेळ चाललं असतं. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात आमचे बरेच सुरू आडवे झाले. पण तेव्हा माडही पडले, म्हणून त्यावरून निकाल देत नाही.

मला खटकला तो कडा. पावसाळी उधाणात लाट सुरूच्या बुंध्याशी वाळू कापते. गणपतीपर्यंत कमरेएवढी उभी भिंत तयार, तिच्यातून मुळ्या लोंबतायत. शेजारी मर्यादवेल आहे तिथेही वाळू जाते, पण उतार राहतो. वेलीला कांड्या-कांड्यावर मुळं फुटतात. पुढे वाऱ्याने येणारी वाळू तिच्यात अडकते आणि ढिगारा पुन्हा भरतो.

एका फेब्रुवारीत पहाटे कासवाचा माग दिसला, ट्रॅक्टरच्या चाकासारखा. थेट कड्यापर्यंत आलेला, कड्याच्या कडेने चार हात सरकलेला आणि तसाच पाण्याकडे वळलेला. घरटं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी २००२ पासून लोक कासवांची अंडी जपतायत, आणि आमच्या दारातून मादी परत गेली. त्यानंतर मी एकही सुरू लावला नाही.

वेलीला सावली नाही, हे खरं. रावणाच्या मिशा पायाला टोचतात. गाड्या फिरल्या की सगळं संपलं. पहिली दोन वर्षं जागा पडीक दिसते आणि येणारा-जाणारा ‘साफ का करत नाही’ म्हणून विचारतो. साफ करू नका. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) नियमांतही वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात जपायच्या वर्गात आहेत.

तुमच्या जागेचा वारा वेगळा असेल, तर तुम्हीच पाहा. उभे सुरू तोडू नका, वाडीच्या कुंपणाशी राहू देत. पुढच्या पट्ट्यात मृगाच्या पावसात वेलीची हातभर कांडी वीतभर खोल लावा. पुळणीवर उतरायला एकच वाट ठेवा, तीही तिरकी. सरळ वाटेतून वारा वाळू उपसून आत आणतो.