उंचावरच्या बाग-रेल्वेसाठी पेकोचे एसएम-३२ रूळ: तीन हिवाळ्यांनंतरचा अभिप्राय

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातील आमच्या घरामागच्या बागेत कमरेइतक्या उंचीवर ३२ मिलिमीटर गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) छोटी रेल्वे धावू लागून आता तीन हिवाळे झाले. तिच्यासाठी घेतलेले पेको कंपनीचे एसएम-३२ जातीचे लवचिक रूळ आणि त्यांच्याखालचे, जुने प्लास्टिक वितळवून केलेले खांब व फळ्या, अशा दोन्हींविषयी हा अभिप्राय आहे. रुळांची शिफारस मी निःशंकपणे करतो. पायाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण रूळ कितीही उत्तम असले तरी गाडी नीट चालणार की घसरणार हे खालची फळी ठरवते, आणि ते मला पहिले बांधकाम उखडून टाकावे लागले तेव्हा कळले.

३२ मिलिमीटर हेच गेज निवडण्यामागे एक आवडते कारण होते. या छंदात खऱ्या रेल्वेच्या एका फुटाला १६ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:१९ असे प्रमाण धरले जाते, आणि त्या हिशेबाने ३२ मिलिमीटरचा रूळ बरोबर दोन फुटी रेल्वेचा होतो. नेरळ-माथेरानची १९०७ साली सुरू झालेली रेल्वे दोन फुटी आहे, दार्जिलिंगचीही तीच. माझे वडील नेरळला वाढले. त्यांच्या लहानपणी वाफेवर चालणाऱ्या त्या गाडीची चार इंजिने जर्मनीच्या ओरेनश्टाइन उंट कोपेल कारखान्यात बनलेली होती, आणि त्यांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन पुढे इंग्लंडमध्ये आले. वडील आमच्याकडे राहायला येतात तेव्हा त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. रेल्वे जमिनीवर न घालता खांबांवर घ्यायची, हा निर्णय त्यामुळे पहिल्या दिवशीच झाला होता.

आता रुळांविषयी. पेको ही डेव्हनमधील बिअर या गावची कंपनी. एसएम-३२ चा एक तुकडा एक यार्डाचा, म्हणजे ९१४ मिलिमीटरचा असतो. रूळ निकेल सिल्व्हरचा असतो. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे आणि तो गंजत नाही. रुळाची उंची ०.२ इंच, म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर आहे, त्यामुळे तो दिसायला खऱ्या डोंगरी रेल्वेच्या हलक्या रुळासारखा नाजूक वाटतो. रुळांखालच्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे स्लीपरवर, लाकडाचे रेषे उमटवलेले आहेत. तीन वर्षे ऊन, पाऊस आणि बर्फ झेलूनही आमच्या बागेतील एकही स्लीपर तडकलेला नाही, फक्त तपकिरी रंग किंचित फिका झाला आहे आणि तो मला आधीपेक्षा अधिक खरा वाटतो.

हा रूळ वाकवायला मात्र धीर लागतो. हाताने वळण दिले की धातू परत सरळ होऊ पाहतो आणि दोन तुकड्यांच्या जोडापाशी कोपरा उरतो, ज्यावर पुढची चाके हमखास चढतात. आमच्या वळणांची त्रिज्या १.३५ मीटर आहे आणि तेवढ्यासाठीसुद्धा मी रूळ वाकवण्याचे लहान यंत्र वापरले. ते न वापरता केलेले पहिले दोन जोड नंतर काढून नव्याने करावे लागले. वळणावर आतला रूळ बाहेरच्यापेक्षा पुढे येतो, तो हॅकसॉने कापून कानशीने गुळगुळीत करावा लागतो. कापलेल्या तोंडावरची धार तशीच राहिली तर जोडपट्टी वाकडी बसते, म्हणून हे काम घाईने करू नये.

उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचा हिशेब आधीच करावा. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यात तापलेला रूळ यांत ४० अंशांचा फरक धरला, तर या धातूचा १० मीटर लांबीचा रूळ सुमारे ७ मिलिमीटरने वाढतो. एका तुकड्यापुरते हे प्रमाण ०.६ मिलिमीटरच्या आसपास येते. आम्ही थंड दिवशी काम केले आणि प्रत्येक जोडात एक मिलिमीटरची फट ठेवली. प्लास्टिकची फळी तर धातूच्या कितीतरी पट प्रसरण पावते. म्हणून प्रत्येक तुकडा मध्यभागी एकाच ठिकाणी स्क्रूने धरला आणि बाकीचे स्क्रू मोठ्या भोकांतून, डोके स्लीपरला जेमतेम टेकेल इतकेच फिरवले. असे केल्यापासून रूळ उन्हात फुगून वाकलेला नाही.

पायाची कथा वेगळी आहे. आमचा मार्ग लंबगोल आहे, नऊ मीटर लांब आणि तीन मीटर रुंद, एकूण साडेवीस मीटरचा, आणि त्याला रुळांचे २३ तुकडे लागले. बाग एका बाजूला ३० सेंटिमीटरने उतरते, म्हणून वरच्या टोकाला खांब ७५ सेंटिमीटर आणि खालच्या टोकाला १०५ सेंटिमीटर ठेवले. उंचावरच्या मार्गाचा हा मोठा फायदा आहे, कारण जमीन कशीही असली तरी रूळ सपाट राहतो. पहिल्या वेळी लाकडी खांबांवर प्लायवुड घालून वर डांबरी फेल्ट चिकटवले होते. बाहेरच्या कामासाठी टिकाऊ आहे असे सांगून एका विक्रेत्याने दिलेल्या त्या प्लायवुडचे थर दुसऱ्या हिवाळ्याआधीच सुटले. पाणी कडेच्या कापावरून आत शिरले होते आणि फळी मध्येच फुगली होती. शिवाय दोन खांब चिकणमातीत उथळ रोवलेले होते. ही माती ओली झाली की फुगते आणि कोरडी पडली की आकसते, त्यामुळे ते खांब वर उचलले गेले.

दुसऱ्या बांधकामात प्लास्टिकचे खांब ६० सेंटिमीटर खोल काँक्रीटमध्ये बसवले आणि दोन खांबांमधील अंतर एक मीटरपर्यंतच ठेवले, कारण या प्लास्टिकच्या फळीला लाकडाइतका ताठपणा नसतो आणि अंतर वाढले की ती हळूहळू मध्ये लवते. हे साहित्य लाकडापेक्षा महाग आणि वजनाने जड आहे. पण ते कुजत नाही आणि त्यावर वरचेवर रंग द्यावा लागत नाही. फळी खांबाला जोडणाऱ्या पट्टीतले भोक लांबट ठेवले, म्हणजे पाणसळ लावून उंची नंतरही जुळवता येते. दर मार्चमध्ये मी ती जुळवतो आणि एका दुपारी काम होते. पैसे मोजकेच असतील तर इंजिन एक वर्ष उशिरा घ्यावे आणि खांब-फळ्या चांगल्या घ्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

सपाटपणाचा एवढा आग्रह धरण्याचे कारण आमचे इंजिन. ते गॅसवर पाणी उकळून खऱ्या वाफेवर चालते, आणि नियंत्रण हाताने एकदा ठरवले की मग ते आपल्या आपण फेऱ्या मारते. शंभराला एक एवढा चढ लागला तरी त्याची गती मंदावते आणि उतारावर ते वळणाला अंगावर येईल इतके धावते. याउलट रुळांतून वीज न्यायची नसल्यामुळे ते घासून चकचकीत ठेवण्याची गरज राहत नाही; पाने आणि शेवाळ ब्रशने झाडले की गाडी सुटते. बॉयलरमध्ये पाणी भरणे, तेल घालणे, बर्नर पेटवणे ही सगळी कामे उभ्याने, डोळ्यांसमोर होतात. वडील ती स्वतः करतात.

एका गोष्टीत मात्र तडजोड करू नये. एवढ्या उंचीवरून फरशीवर पडलेले इंजिन दुरुस्तीपलीकडे जाऊ शकते. आम्ही फळीच्या दोन्ही कडांना चार सेंटिमीटर उंच पट्टी लावली आहे, आणि पाणी साचू नये म्हणून तिला जागोजागी खाचा ठेवल्या आहेत. रूळ कडेपासून इतका आत घ्यावा की रुंद डबा वळणावर पट्टीला घासणार नाही. नेमके अंतर सर्वांत लांब डबा हाताने ढकलून तपासावे.

महाराष्ट्रात असे काही उभारायचे तर मी प्लास्टिकच्या वाटेला जाणार नाही. कोकणात जांभ्याचे चिरे रचून खांब करावेत आणि वर कडप्प्याच्या लाद्या बसवाव्यात. कडप्पा प्लास्टिकपेक्षा फार कमी प्रसरण पावतो आणि पावसाळ्यात त्याला काही होत नाही. रूळ मात्र हेच घेईन. पुढच्या वसंतात गाडी दुसऱ्या रुळावर वळवणारा एक सांधा आणि बाजूचा छोटा मार्ग जोडायचा आहे, कारण वडिलांना पाण्याची टाकी असलेले स्थानक हवे आहे. त्यासाठी एसएम-३२ चे आणखी सहा तुकडे मागवले आहेत.