पायवाटेसाठी अनुदान: आरटीपी की एलडब्ल्यूसीएफ?

अमेरिकेत पायवाटेसाठी केंद्राचा पैसा मिळवायचे दोन मोठे मार्ग आहेत. रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्राम (आरटीपी) १९९१ चा. त्यामागचा हिशेब स्नोमोबाइलसारख्या, रस्त्याबाहेर धावणाऱ्या वाहनांच्या इंधनकराचा. म्हणून ३० टक्के रक्कम मोटारवाटांना, ३० टक्के चालणारे, सायकलस्वार, घोडेस्वार यांना, उरलेली ४० टक्के अनेकांनी मिळून वापरायच्या वाटांना. खर्चाचा साधारण ८० टक्के भार केंद्र उचलतं. शिवाय जुन्या वाटेची डागडुजीही यात बसते, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं. पावसाने खचलेली कड सावरायला सहसा कुणी पैसे देत नाही.

लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंड (एलडब्ल्यूसीएफ) १९६५ पासूनचा, समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नावरचा. २०२० च्या कायद्याने त्याला वर्षाला ९० कोटी डॉलर कायमचे मिळाले. राज्यांमार्फत मिळणाऱ्या मदतीत निम्मा खर्च मात्र स्वतः उभा करावा लागतो, नेहमीची देखभालही यात धरत नाहीत. पण जमीन घेता येते, आणि ती कायम मैदानी विरंगुळ्यासाठीच राहते. दुसरीकडे वळवायची तर तोडीस तोड जमीन द्यावी लागते.

दोन्हीकडे बहुधा आधी खर्च, मग बिलं, मग परतफेड. हाताशी फारशी रोकड नसलेल्या छोट्या गावाने आरटीपीपासूनच सुरुवात करावी, तिथे स्वतःचा वाटा कमी लागतो. जमीन बिल्डरच्या नजरेत असेल, तर मात्र एलडब्ल्यूसीएफच.